हिवऱ्याची बाग, द्राक्षमळ्यातील तण आणि अनामिक चित्रकार

द्राक्षमळ्यात आपोआप उगवणाऱ्या रानवनस्पतींचे चित्रण हा विषय युरोपातील कलेतिहासकारांना नवा नाही. ऱ्हाईनकाठच्या मळ्यांत उगवणारा पिवळा रानटी ट्यूलिप तेथील वनस्पतिचित्रांत आवर्जून आढळतो. मळ्यातील उथळ खुरपणीने कंद मरत नाहीत, उलट सुटे होऊन पसरतात; खोल नांगरट आणि तणनाशके आली तेव्हा मात्र ही फुले ओसरू लागली. ड्यूररने १५०३ साली गवताच्या एका साध्या ढेकळाचे जलरंगचित्र काढले, तेव्हापासूनच तण हा चित्राचा स्वतंत्र विषय होऊ शकतो हे तिकडे मान्य झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे असा संप्रदाय निर्माण झाला नाही. तथापि त्याच्या अगदी जवळ जाणारे एक प्रकरण आपल्याच प्रदेशात घडले आहे. आटगाव-शहापूरच्या दक्षिणेस मुरबाड तालुका लागतो. तेथून नाणेघाट व माळशेज घाट चढून गेले की जुन्नरचे पठार येते. या पठारावरील नारायणगावचा परिसर आज द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच भागातील हिवरे येथे मुंबई सरकारची एक वनस्पतिबाग होती. घाटाच्या खाली व वर असे हे एकच क्षेत्र समजून त्याचा विचार व्हावयास हवा. आटगाव-माहुलीच्या रानात पावसाळ्यात चढणारी रानद्राक्षाची वेल आणि वरच्या मळ्यातील लागवडीची वेल या एकाच कुलातील आहेत. ज्याचे कोवळे कोंब ठाकूर व कातकरी मंडळी भाजीसाठी खुडतात, तो दिंडाही त्यांचा आप्तच.

हिवऱ्याची बाग ही पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेची शाखा होती. पेशव्यांच्या पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा दापोडीचा बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत (१८२७-१८३०) सरकारकडे आला आणि तेथे बाग उभी राहिली. १८३८ पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे होता. बागेचा मुख्य हेतू शोभेचा नव्हता. सोनामुखीसारखी औषधी द्रव्ये येथेच पिकवून सरकारी औषधभांडारास पुरवावीत व विलायती आयातीचा खर्च वाचवावा, असा तो रोकडा हिशेब होता. परंतु हिशेबी बागेत जे अनाहूत उगवते त्याकडेही गिब्सनचे लक्ष असे, आणि याच वृत्तीमुळे आपणांस एक मोलाचा संग्रह लाभला.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका एतद्देशीय चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशांतून आणून लावलेली झाडे व या भूमीतील रानझाडे अशा दोहोंचा त्यांत समावेश आहे. वाळविलेल्या नमुन्यात रंग उडतो, पाकळी चुरगळते, मांसल देठ काळा पडतो. चित्र हे उणे भरून काढते. जुन्नरच्या डोंगरांतून १८६० च्या दशकात डॅल्झेलने वर्णिलेली आणि बार्टल फ्रियर या गव्हर्नराच्या नावाने ओळखली जाणारी शिवसुमन ही वनस्पती घ्या. तिचे खोड मांसल, फूल तारकाकृती, किरमिजी आणि त्यावर पिवळी खूण. हे सारे दाबलेल्या नमुन्यावरून ओळखणे तज्ज्ञासही कठीण जाते. असे असूनही डॅल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली प्रसिद्ध झाला तो एकाही चित्राविना! (त्याच वर्षी लोहमार्ग आटगावावरून कसाऱ्यापर्यंत पोहोचला.) चित्रे एकीकडे व वर्णने दुसरीकडे अशी ही फारकत झाल्याने चित्रकाराच्या कामाचे मोल दीर्घकाळ झाकलेलेच राहिले.

त्या चित्रकाराचे नाव गिब्सनने कोठेही नोंदविले नाही. कंपनी सरकारच्या व्यवहारात ही रीतच होती, असे समर्थन केले जाते. आम्हांस ते पटत नाही. याहून पावणेदोनशे वर्षे आधी कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान रीडने, वेगळा पायंडा घालून दिला होता. त्याचा ‘होर्तुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र त्यांच्याच भाषेत, देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. चित्रपटांवरही वनस्पतींची नावे देवनागरीत कोरली आहेत. माहिती देणाऱ्याचे नाव राखणे त्या काळी अशक्य नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. दापोडीच्या बाबतीत ते राखले गेले नाही, इतकेच.

या दोन संग्रहांना जोडणारा एक धागा द्राक्षमळ्यातच सापडतो. खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात आजूबाजूचे रान करपलेले असते, पण पाण्याच्या पाळ्यांमुळे वेलीच्या आळ्यात लव्हाळा, घोळ, माका आणि केना ही तणे हिरवीगार राहतात. वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढविण्याच्या जुन्या पद्धतीत जशी ती होती, तशीच मांडवाच्या नव्या पद्धतीतही आहेत. यांतील केन्याचे शास्त्रीय नाव हॉलंडमधील कॉमेलिन घराण्यावरून पडले. ‘होर्तुस मलबारिकुस’च्या काही खंडांवर टिपणे लिहिणारा यान कॉमेलिन याच घराण्यातला. फुलाच्या दोन पाकळ्या मोठ्या व निळ्या, तिसरी लहान व फिकी; म्हणजे घराण्यातील दोघे कीर्तिमान आणि तिसरा काही सिद्ध करण्यापूर्वीच निवर्तलेला, असे लिनियसने या नावाचे मार्मिक स्पष्टीकरण केले आहे.

चित्रकाराची खरी परीक्षा केना पाहतो ती जमिनीखाली. वरची निळी फुले सर्वांना दिसतात. परंतु ही वनस्पती मातीत शिरणाऱ्या फांद्यांवर न उमलणारी फुलेही धरते आणि त्यांतच बी तयार होते. म्हणूनच वरवर खुरपलेला केना पुन्हा उगवतो. फुलदाणीत ठेवण्याजोगी डहाळी तोडून काढलेले चित्र सुंदर होईल, पण ते केन्याचे चित्र होणार नाही. मुळासकट उपटून, माती धुऊन, भूमिगत फुलांसह जो तो रेखाटील त्याचेच चित्र शास्त्रास उपयोगी. खुरपणाऱ्या बाईला हे ज्ञान असतेच. भज्यांसाठी केन्याची पाने कोणती घ्यावीत हेही तीच जाणते. वनस्पतिचित्राच्या इतिहासात तिच्यासारख्या जाणकारांना स्थान द्यावयाचे की नाही, हा रंगभटांच्या प्रमाणपत्राने उपस्थित केलेला प्रश्न दापोडीच्या संग्रहाबाबतही टळत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. चित्रांचे काम सुरू झाले त्याच वर्षी, १८४७ साली, गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कोकणातील जंगलतोडीविषयी त्याची चिंता खरी होती. पण त्याच दृष्टीतून दळी पद्धतीच्या शेतीवर निर्बंध आले आणि पुढे राखीव जंगलांच्या सीमा ठाण्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचल्या. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यास फांद्या व पाला लागतो. तो तोडण्याचा हक्क हा शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. दापोडीची बाग तोवर मोडली होती. १८७३ साली गणेशखिंडीत नवी बाग सुरू झाली होती, आणि चित्रे समुद्रापार एडिंबरोतच राहिली.