नरिमन पॉइंट : नाव आणि जमीन

मरीन ड्राइव्ह दक्षिणेला जिथे संपतो, तिथे एअर इंडिया, एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय अशा उंच इमारतींचा पुंजका उभा आहे. एके काळी मोठ्या कंपनीचा पत्ता म्हटला की नरिमन पॉइंटच डोळ्यांपुढे येई. या जागेची कागदपत्रे चाळताना मला इमारतींपेक्षा तिच्या नावानेच जास्त अडवले.

खुर्शीद फ्रामजी नरिमन हे वकील आणि काँग्रेसचे पुढारी. १९२०च्या दशकात, गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, बॅकबेत भराव घालून ११४५ एकर जमीन काढण्याची योजना सुरू झाली. काम रखडले, खर्च फुगला. नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले. हार्वे या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला; नरिमन निर्दोष सुटले. योजनेला कात्री लागली आणि तिचा बराच भाग पाण्यातच राहिला. त्याच उरलेल्या भागात स्वातंत्र्यानंतर भर पडली आणि तिथल्या टोकाला नाव मिळाले ते भरावाचा हिशेब मागणाऱ्याचे!

हिशेब तेवढ्यावर मिटला नाही. १९६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’मध्ये वेगळी दिशा मांडली. वस्ती उत्तरेला आणि कचेऱ्या दक्षिण टोकाला, म्हणून रोज सकाळी लोंढा एकाच बाजूला धावतो. तेव्हा खाडीपलीकडे नवे शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्याही तिकडे न्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. मात्र त्याच दशकात नरिमन पॉइंटवर मजल्यांवर मजले चढत होते. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ची. माझ्या मते कारण साधे आहे : दक्षिणेच्या भूखंडांचे पैसे लगेच हाती येत होते, तर पलीकडच्या शहराचा लाभ पुढच्या पिढीला मिळणार होता. सरकारने दोन्ही दगडांवर पाय ठेवला. मंत्रालय जागचे हलले नाही, आणि चर्चगेटला उतरून झपाझप चालणारा कारकूनही.

पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने कंपन्या ओढून घेतल्या. एअर इंडियाचे मुख्यालय २०१३मध्ये दिल्लीला गेले. २०२३मध्ये राज्य सरकारने ती इमारत १६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय केला. तिच्याखालची जमीन मुळात सरकारनेच भाडेपट्ट्याने दिलेली होती. जागेची टंचाई खरी आहे, विखुरलेल्या कचेऱ्या एकत्र आणण्याची गरजही खरी आहे. पण विरार-कल्याणहून येणाऱ्यांचा रोजचा वेळ या व्यवहारात कुठल्या रकान्यात धरला, हा प्रश्न उरतोच. नरिमन विधिमंडळात असते, तर त्यांनी आधी तोच रकाना उघडायला लावला असता.