स्थानिक संस्था कर (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

महापालिका हद्दीत वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी आणलेल्या मालावरील कर. जकातीच्या जागी आलेला हा कर ‘एलबीटी’ या नावाने ओळखला जाई. जकात ही नाक्यावर गाडी थांबवून वसूल होई. एलबीटी मात्र नोंदणीकृत व्यापारी आपल्या हिशेबावरून स्वतः भरत.

राज्यात 2010 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. ठाणे महापालिकेने (स्थापना 1982) 1 एप्रिल 2013 पासून तो घेतला. कल्याण-डोंबिवलीत (स्थापना 1983) त्याआधीच तो सुरू होता. मुंबईत मात्र जकातच चालू राहिली. परिणामी मुंबई-ठाणे हद्दीवरील मुलुंड चेकनाक्याच्या दोन बाजूंना चार वर्षे दोन वेगळ्या पद्धती होत्या.

वाद : नाक्यांवरचा खोळंबा व गैरव्यवहार थांबतील, असे समर्थकांचे म्हणणे. व्हॅटखेरीज आणखी एका कार्यालयाला हिशेब द्यावा लागणे आणि अधिकाऱ्यांचे तपासणीचे अधिकार, यांना व्यापारी संघटनांचा विरोध होता. 2013 मध्ये त्यांनी राज्यभर बंद पाळला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना या करातून वगळण्यात आले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि एलबीटी व मुंबईची जकात हे दोन्ही कर संपले.

परिणाम : 2017 च्या राज्य कायद्यानुसार महापालिकांना भरपाई मिळते. तिला 2016-17 हे आधारवर्ष असून दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ गृहीत धरतात. मुद्रांक शुल्कावरील 1 टक्का अधिभारही मिळतो. दोन्ही रकमा राज्याच्या तिजोरीतून येतात. महापालिकेच्या हाती स्वतःचा मोठा कर उरला तो मालमत्ता कर (घरपट्टी). त्याच्या बिलातही राज्याचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी कर असतो. महापालिका हे दोन्ही वसूल करून राज्याकडे भरते.

पुढचा वाद म्हणूनच घरपट्टीभोवती फिरतो. कल्याण-डोंबिवलीतील 27 गावे 2002 मध्ये महापालिकेतून वगळली गेली आणि 1 जून 2015 रोजी पुन्हा आत आली. कर शहराचा, सुविधा गावच्याच, ही तेथील रहिवाशांची तक्रार.

कायद्यानुसार पुढील वर्षाचे करदर 20 फेब्रुवारीपर्यंत नगरसेवकांच्या महासभेने ठरवायचे असतात. नगरसेवकांची मुदत संपूनही निवडणुका न झाल्याने कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून व ठाण्यात मार्च 2022 पासून महासभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होईपर्यंत दोन्ही शहरांचे अंदाजपत्रक नगरसेवकांच्या चर्चेविनाच मंजूर होत राहिले.