कृपादान: मिळालेले आणि वाटलेले

संपादक मंडळाने लेख मागताना विषयाचे बंधन घातले नाही. शाळेच्या आठवणी आपण सगळेच लिहिणार, म्हणून मी थोडा इतिहास लिहायचे ठरवले. हा इतिहास मराठी ख्रिस्ती समाजाचा आहे, पण त्याचा एक धागा अंबरनाथहून तिसऱ्या स्टेशनाशी, म्हणजे कल्याणशी जोडलेला आहे.

'केवढे हे क्रौर्य' ही कविता लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणला झाले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. काव्य, वक्तृत्व आणि कीर्तन ही त्यांची शिदोरी ख्रिस्ती होण्याच्या आधीचीच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या धर्मात 'कृपादान' असा एक शब्द आहे. तुमच्यापैकी अनेकांना तो नवा असेल, म्हणून थोडे सांगतो. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत एक वाद उभा राहिला होता. कोणी उपदेश करी, कोणी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करी, कोणी अगम्य भाषांत बोले. यांत मोठा कोण, यावरून चढाओढ लागली. पौलाने त्यांना पत्र लिहून शरीराचा दाखला दिला. डोळा हाताला 'तुझी गरज नाही' असे म्हणू शकत नाही, आणि जो अवयव दुबळा वाटतो त्याच्यावाचूनही शरीराचे चालत नाही. ही सगळी दाने देवाच्या कृपेने मिळतात, ती सर्वांच्या हितासाठी असतात, आणि प्रीती नसेल तर त्यांतले कोणतेही दान फुकट आहे, असे त्याचे म्हणणे. विशेष म्हणजे शिकवणे, मदत करणे आणि कारभार पाहणे यांनाही त्याने त्या यादीत जागा दिली आहे.

टिळकांनी हे कसे आचरले? त्या काळी चर्चमधली पुष्कळशी गीते परक्या चालींवर बेतलेली असत. टिळकांनी ओवी आणि अभंग उपासनेत आणले, गावोगाव कीर्तने केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. नव्या श्रद्धेसाठी त्यांनी जुने देणे टाकून दिले नाही, उलट तेच तिच्या कामी लावले. नगर जिल्ह्यातून कारखान्यांतल्या नोकरीसाठी अंबरनाथला आलेल्या आमच्यासारख्या घरांत पेटी-तबल्यावर म्हटली जाणारी अनेक भजने त्यांचीच आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. १९१९ साली ते वारले.

मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीविषयी अधिक सांगायचे आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवले, तेही धरसोडीने. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळे सोडले नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हाच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात येणारे-जाणारे, आश्रयाला आलेली मुले, तरुण कवी बालकवी ठोंबरे, या सगळ्यांचे त्यांनी केले. पतीच्या नावापुढे ही कामे कोणाच्या नजरेत भरणारी नव्हती.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते पुस्तक पहिल्या रांगेत आहे. देणे आधीपासूनच होते. कोणीतरी ते ओळखून 'लिही' म्हणण्याची तेवढी गरज होती.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या अगदी उलट दिसते. त्यांची विद्वत्ता लहानपणापासून सर्वांसमोर होती. १८७८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती सदन उभे केले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. इतकी मोठी संस्कृत पंडिता, पण भाषा मुद्दाम सोपी ठेवली, कारण वाचणाऱ्या बायका नुकत्याच अक्षर ओळखू लागल्या होत्या. खिळे जुळवायला आणि छापायलाही सदनातल्याच स्त्रिया होत्या. मुक्तीत कोणी विणकाम करी, कोणी शेती पाही, कोणी शिकवी, कोणी छापखाना चालवी. भाषांतरावर नाव एकाच बाईचे असले, तरी ते पुस्तक पुष्कळ हातांनी झाले. १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि दोन वर्षांनी संपूर्ण ग्रंथ बाहेर आला.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळे या स्मरणिकेत का, असे कोणी विचारील. आपण बहुतेक जण आता साठीला टेकलो आहोत. शाळेत असताना कोणाकडे काय आहे याची मोजणी गुणपत्रिकेवर होई, आणि तीत बसणार नाही असे पुष्कळ काही मागच्या बाकांवर राहून गेले. वर्गातला एखादा भांडण मिटवण्यात पटाईत होता, एखादी आजारी मैत्रिणीच्या घरी वह्या पोचवत असे, एखाद्याचा हिशेब कधी चुकत नसे. पौलाच्या यादीत या तिघांनाही स्थान मिळाले असते. आता नोकरी संपली, मुले मार्गी लागली, म्हणून ते देणे संपले असे समजू नये. लक्ष्मीबाईंचे पुस्तक येईपर्यंत त्यांनी आपले आजचे वय ओलांडले होते.

आदरणीय शिक्षकहो, तुमचे आभार मानताना आपण नेहमी 'तुम्ही आम्हाला घडवले' असे म्हणतो. मला वाटते, तुम्ही त्याहून एक अवघड काम केलेत: आमच्यात काय आहे ते आमच्याआधी ओळखलेत. ज्यांचे ओळखायचे राहून गेले असेल, त्यांना आता आपणच एकमेकांनी सांगावे. संमेलनात भेटल्यावर 'काय करतोस?' एवढेच विचारून थांबू नका. शेजारच्याला एकदा सांगा, 'तुला हे छान जमायचे, अजून करतोस का?' धर्म कोणताही असो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याचे उत्तर 'नाही' आले, तर पुन्हा कधी सुरू करणार, हेही तिथेच विचारून घ्या.