तार कोणाची, निरोप कोणाचा?

संघटना बांधणाऱ्या माणसाला पहिली गरज पैशाची नसते, निरोपाची असते. सभा कोठे, संप केव्हा, अटक कोणाला झाली, हे एका रात्रीत शंभर घरी पोचले तर संघटना जिवंत. नाही तर ती पावतीपुस्तकातच राहते. म्हणून निरोपाची वाट कोणाच्या मालकीची, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

हिंदुस्थानात तार लोकांसाठी १८५५ साली खुली झाली. मालकी मात्र सरकारची. १८८५ च्या तार-कायद्याच्या पाचव्या कलमाने, आणीबाणीच्या प्रसंगी तारयंत्र ताब्यात घेण्याचा व निरोप अडविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर आपले सोलापूर उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी लष्करी अंमल पुकारला गेला. पुढची हकीकत सोलापूरकरांस सांगावयास नको. ज्या सरकारविरुद्ध गाव उभे, त्याच सरकारच्या तारेवर गावाने विसंबावे कसे?

या प्रश्नाची दोन उत्तरे १९४२ च्या चळवळीत मिळाली. पहिले मुंबईचे. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा वारंवार बदलली, तरी प्रक्षेपणयंत्र बंद पडले की आवाज बंद, ही अडचण होतीच. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

दुसरे उत्तर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे. तेथे निरोप माणसागणिक पुढे सरके. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांच्यासारख्या स्त्रियाही चिठ्ठ्या पोचवीत. एक दुवा तुटला तर दुसऱ्या वाटेने निरोप जाई. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि सरकारच्या हाती लागले नाहीत.

सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. प्रश्न मात्र संपला नाही. एकाच चाळीत शेजारी राहणारे दोघे फोनवर बोलतात, तेव्हाही तो शब्द आधी कंपनीच्या टॉवरकडे जातो व मग परत येतो. टॉवर बंद, की दोघेही मुके. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत दर वाढविले. बिडी वळणाऱ्या बाईला त्याच्या वाटाघाटीत जागा नव्हती. आणि सेवा थांबविण्याची सरकारची सत्ता १८८५ चा कायदा जाऊन आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही कायम आहे.

यावर साताऱ्याची युक्ती यंत्राने पुन्हा काढली आहे. ब्लूटूथच्या आधाराने एक फोन निरोप शेजारच्या फोनला देतो, तो पुढच्याला. टॉवर नको, कंपनी नको. २०१४ साली हाँगकाँगच्या निदर्शकांनी 'फायरचॅट' हे असेच साधन वापरले. २०२५ साली 'बिटचॅट' आले.

पण या साधनाने हुरळून जाऊ नये. ब्लूटूथचा पल्ला काही मीटरांचा. भिंती आल्या की तोही घटतो. मोर्च्यात माणसे दाटीने असतात म्हणून साखळी जुळते. अक्कलकोट रस्त्यावरच्या रात्रीच्या शुकशुकाटात ती तुटेल. गुप्ततेचीही खात्री नाही: 'ब्रिजफाय' या अशाच साधनात संशोधकांना २०२० साली गंभीर उणिवा आढळल्या. शिवाय ज्या यंत्रमाग कामगाराला शेजारच्या मागावरच्या माणसाचे नावही ठाऊक नाही, त्याच्या हातचे यंत्र निरोप पोचवील, पण त्या निरोपावर विश्वास कोण ठेवील?

म्हणून टॉवरवाचून चालणारे साधन जरूर शिकून घ्यावे, वापरून पाहावे. त्याआधी मात्र आपापल्या गल्लीतील दहा घरांची साखळी बांधावी. साताऱ्यात ती आधी बांधलेली होती, म्हणूनच चिठ्ठी पोचली.