कुटुंबासोबत होडीत बसताय? आधी काठावरच या गोष्टी तपासा

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याशी रोजचा संबंध आहे. गोदावरी पाथरीपासून पूर्णा तालुक्यापर्यंत वाहते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे, तर सेलू तालुक्यात दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्प. गंगाखेडला स्नान, दशक्रिया किंवा अस्थिविसर्जनासाठी अख्खे कुटुंब नदीवर येते. धरणावर सहलीला गेले की मुले होडीसाठी हट्ट धरतात. अशा वेळी कोणती काळजी घ्यावी?

राज्यात काय घडले?

14 सप्टेंबर 2021 : अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या नातेवाइकांपैकी 11 जण बुडाले.

21 मे 2024 : उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एकच पोहत काठावर पोहोचला. मृतांमध्ये एक दांपत्य आणि त्यांची दोन लहान मुले होती.

18 डिसेंबर 2024 : मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जणांचा मृत्यू झाला. बोटीची परवानगी 84 प्रवाशांची होती, पण त्यात शंभराहून अधिक जण होते. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले.

तिन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत. पण होडी उलटल्यावर सावरायला वेळ मिळत नाही, हे तिन्हींत समान आहे. त्यामुळे बचावाचे बहुतेक निर्णय काठावरच घ्यावे लागतात.

लाइफ जॅकेट कसे घालावे?

जॅकेट होडीत ठेवलेले असून उपयोग नाही, ते अंगात हवे. पाण्यात पडल्यावर ते घालणे जवळपास अशक्य असते. होडीत पाय ठेवण्यापूर्वी सर्व पट्टे आणि बकल बंद करावेत.

मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नये, ते डोक्यावरून निसटते. जॅकेट खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर ते मोठे आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा असावा. तान्ह्या बाळाला होडीत नेऊच नये. हवा भरलेली ट्यूब, प्लॅस्टिकचा कॅन किंवा थर्माकोलचा तराफा हा जॅकेटला पर्याय नाही.

किती जणांनी बसावे?

होडीवर प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का, हे पाहावे. नसेल तर नावाड्याला विचारावे. ‘सगळे एकाच फेरीत जाऊ’ हा आग्रह टाळून दोन फेऱ्या कराव्यात. मांडीवरचे मूलही मोजावे. मासेमारीची छोटी होडी सहलीसाठी नसते.

होडीत उभे राहू नये. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की तोल जातो आणि होडी कलंडते. नावाड्याने किंवा सोबतच्या कोणी दारू घेतली असेल, तर फेरी रद्द करावी.

हवामान आणि विसर्ग

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमून अचानक वादळी वारा सुटतो. त्यामुळे शक्यतो सकाळी जावे. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवावे. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. जायकवाडी किंवा माजलगावचा विसर्ग वाढला की ऊन पडलेले असतानाही गंगाखेडला गोदावरीचे पाणी वाढू शकते. प्रशासनाचा इशारा असताना होडीत बसू नये. बंधाऱ्याच्या दरवाज्यांजवळ होडी कधीच नेऊ नये.

होडी उलटली तर?

पोहता येत असले तरी काठाकडे झेपावू नये. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहावे आणि मुलांना जवळ घ्यावे. मात्र वाहत्या पाण्यात होडीच्या खालच्या बाजूला थांबू नये.

काठावरच्यांनी लगेच पाण्यात उडी मारू नये. दोर, बांबू, रिकामा बंद कॅन किंवा साडी फेकावी. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक आहेत.

बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबू नये, तिला उलटे टांगू नये. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मध्यभागी 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम मदत येईपर्यंत सुरू ठेवावा. शुद्धीवर आली तरी तिला दवाखान्यात न्यावेच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

जॅकेट कमी असतील, होडी भरलेली असेल किंवा आभाळ भरून आले असेल, तर फेरी रद्द करणे योग्य. होडीचे भाडे आधी दिलेले असले, तरीही.