रिकाम्या घराचे तापमान

पंधरा दिवस घर बंद करून परगावी जायचे आहे. निघताना वातानुकूलन यंत्र पूर्ण बंद करावे, की तापमान थोडे वाढवून ते चालूच ठेवावे? आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. आपली यंत्रे बहुधा एकेका खोलीपुरती असतात; बटण बंद करायचे, कुलूप लावायचे आणि निघायचे. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत, सबंध घराला मिळून एकच यंत्रणा असते आणि ती उन्हाळाभर चालते. त्यामुळे सुट्टी आली की तिथे हा प्रश्न घरोघर निघतो. त्यावर हमखास ऐकू येणारे एक उत्तर असे : यंत्र बंद करू नका, कारण तापलेले घर पुन्हा थंड करायला जास्त वीज लागते.

हे उत्तर पटण्यासारखे वाटते, पण ते चूक आहे. ते चूक का, हे सांगणारे भौतिकशास्त्र तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. मात्र बंद घरातले यंत्र थोडे चालू ठेवायला कधी कधी एक खरे कारण असते आणि त्याचा संबंध तापमानाशी नसून आर्द्रतेशी असतो. या दोन राशी माणसाने कशा ओळखल्या आणि त्यांच्यावर पहारा करणारी साधने कशी घडवली, हे पाहिले की प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

न्यूटन आणि विहिरीचा उपसा

१७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लॅटिन निबंध छापून आला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, पण तो आयझॅक न्यूटनचा होता. तापलेले लोखंड वाऱ्यात ठेवून ते कसे निवते हे त्याने पाहिले होते. त्यातून पुढे आलेला नियम आपण शाळेत शिकवतो : वस्तू आणि परिसर यांच्या तापमानांत जितका फरक जास्त, तितकी उष्णता वेगाने वाहते. फरक फार मोठा नसेल तर हा नियम चांगला लागू पडतो. घराच्या बाबतीत फरक लहानच असतो.

आता विहिरीचा उपसा आठवा. पाणी जसजसे खाली जाते तसतसे झरे जोरात वाहू लागतात. पंधरा दिवस विहीर तळापर्यंत उपसलेलीच ठेवायची म्हटले तर पंप रोज चालवावा लागेल. उपसणे थांबवले तर पाणी भूजलाच्या पातळीपर्यंत चढेल आणि तिथेच थांबेल. परत आल्यावर ते एकदाच उपसावे लागेल.

थंड केलेले घर असेच असते. बाहेर सरासरी ३४ अंश सेल्सिअस आणि आत २५ अंश असेल तर फरक ९ अंशांचा. आतले तापमान ३० अंशांवर ठेवले तर फरक ४ अंशांचा, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता निम्म्याहूनही कमी. यंत्र पूर्ण बंद केले तर फरक हळूहळू नाहीसा होतो आणि उष्णता येणेच जवळजवळ थांबते. दुपारच्या उन्हाने स्लॅब तापून घर बाहेरच्यापेक्षा गरम झाले, तर रात्री उलट दिशेने, आतून बाहेर, उष्णता वाहते. परत आल्यावर यंत्राला काही तास जास्त काम पडते हे खरे. परंतु तेवढ्या दिवसांत रोज करावे लागले असते त्या कामाच्या मानाने ते थोडे असते. तास-दोन तास बाहेर जाण्याने होणारी बचत किरकोळ असते. जितके दिवस वाढतील तितकी ती वाढते.

अंड्यांचा उबवणीपेटारा आणि शाळेतला वर्ग

ठरवलेले तापमान आपोआप राखण्याची कल्पना विजेपेक्षा आणि शीतयंत्रापेक्षा पुष्कळ जुनी आहे. तिचा आरंभ घरे थंड करण्यातून झाला नाही. तो भट्टीतून आणि कोंबडीच्या अंड्यांतून झाला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने भट्टीचे तापमान स्थिर राखणारी युक्ती केली होती. भट्टीतल्या नळीत अल्कोहोल असे. ते तापून प्रसरण पावले की पारा वर ढकलला जाई आणि त्यावर टेकलेली दांडी हवेची खिडकी मिटवी. हवा कमी झाली की आग मंदावे. आग मंदावली की पारा उतरे आणि खिडकी पुन्हा उघडे. आज आपण ज्याला फीडबॅक म्हणतो तो हाच : परिणामाने मागे वळून कारणाला आवरणे. हीच युक्ती त्याने अंडी उबवण्याच्या पेटाऱ्यालाही लावली.

१७८३ मध्ये बोनमँ या फ्रेंच संशोधकाने लोखंडी दांडी आणि तिच्याभोवती शिशाची नळी अशी जोडी वापरली. उष्णतेने शिसे लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते. त्या फरकाने झडप हलवता येते. त्याचाही उपयोग अंडी उबवण्यासाठीच झाला. १८३० मध्ये स्कॉटलंडचा रसायनतज्ज्ञ अँड्र्यू यूर याने दोन धातूंच्या पट्ट्या जोडून केलेल्या साधनाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असते ती द्विधातू पट्टी याच घराण्यातली.

पुढचे पाऊल एका शिक्षकाने उचलले, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक तयार करणारे विद्यालय होते. वॉरन जॉन्सन तिथे शिकवत असे. हिवाळ्यात शिपाई तळघरातल्या भट्टीपासून प्रत्येक वर्गात येई, तापमान पाही आणि खाली जाऊन झडपा कमीजास्त करी. शिकवण्यात सारखा खंड पडे. जॉन्सनने वर्गात असे साधन बसवले की वर्ग फार तापला वा गारठला तर तळघरात घंटा वाजे. १८८३ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ मध्ये त्याने मिलवॉकी येथे कंपनी काढली. त्याच सुमारास मिनिआपोलिसच्या अल्बर्ट बट्झने भट्टीची झडप आपोआप उघडणारे-मिटणारे साधन केले. आता शिपायाचीही गरज उरली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या साधनाला घड्याळ जोडले गेले. घर झोपलेले असताना तापमान वेगळे ठेवावे, ही सोय तेव्हापासूनची आहे.

कागद, केस आणि बुरशी

वातानुकूलनाची सुरुवातही माणसांच्या सुखासाठी झाली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात रंगीत छपाई होत असे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. मधल्या वेळात हवेतली आर्द्रता बदलली की कागद ताणला किंवा आक्रसला जाई आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. १९०२ च्या जुलैत २५ वर्षांच्या विलिस कॅरिअर या अभियंत्याने त्यासाठी यंत्रणा आखली. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातली वाफ नळ्यांवर पाणी होऊन साचते. नळ्या किती थंड ठेवायच्या हे ठरवले की हवेत किती बाष्प उरेल हेही ठरते. छापखान्याला हवी असलेली सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के होती. म्हणजे वातानुकूलनाचा जन्म आर्द्रता आवरण्यासाठी झाला.

याला ऊर्जा लागते. हवेतले एक लिटर पाणी काढायचे म्हणजे सुमारे २४०० किलोज्यूल सुप्त उष्णता बाहेर टाकायची. यात हवेचे तापमान एका अंशानेही उतरत नाही, म्हणून थर्मोस्टॅटला या कामाचा पत्ताच लागत नाही. त्यासाठी वेगळा पहारेकरी लागतो. तोही जुनाच आहे. बोनमँच्याच वर्षी, १७८३ मध्ये, जिनिव्हाच्या सोस्यूरने केसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला. माणसाचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. या लांबी-आखडण्याने विजेची कळ उघडझाप करता येते. पूर्वीच्या पुष्कळ आर्द्रतानियंत्रकांत केसच असत.

बंद घराचा खरा धोका इथे आहे. भिंतीलगतची किंवा कपाटातली सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते. फ्लोरिडासारख्या दमट राज्यात हिवाळ्यापुरते राहायला येणारे लोक उन्हाळाभर घर बंद ठेवतात, तेव्हा भिंती, पुस्तके, कपडे यांची अशीच नासाडी होते. म्हणून तिथे थर्मोस्टॅटच्या जोडीला आर्द्रतानियंत्रक बसवतात. घर गार राहावे हा त्यामागचा हेतू नसतो. आर्द्रता ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच यंत्र चालावे, एवढाच असतो. घर उगाच गार ठेवले आणि फटींतून दमट हवा आत येत राहिली, तर थंड भिंतींवर दव धरून बुरशीला उलट मदतच होते.

यंत्र शहाणे, माणूस?

१९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी नागरिकांना हिवाळ्यात घरे ६८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २० अंश सेल्सिअसवर ठेवण्याचे आवाहन केले. भिंतीवरची ती लहानशी डबी राष्ट्रीय प्रश्न झाली. पण ती वापरणाऱ्यांच्या मनात तिचे चित्र काय होते? १९८६ मध्ये विलेट केम्प्टन या अभ्यासकाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याला लोकांच्या बोलण्यात दोन समजुती आढळल्या. काहींना थर्मोस्टॅट म्हणजे ठरल्या तापमानाला यंत्र बंद-चालू करणारी कळ वाटे. काहींना तो नळाच्या तोटीसारखा वाटे, जास्त फिरवली की जास्त धार. दुसरी समजूत आपल्याकडेही दिसते. खोली लवकर गार व्हावी म्हणून यंत्र १६ अंशांवर लावले जाते. साध्या यंत्रात कॉम्प्रेसर एक तर चालू असतो किंवा बंद. १६ लावल्याने २४ पर्यंत पोचायला लागणारा वेळ कमी होत नाही. यंत्र फक्त थांबायचे राहते.

वेळापत्रक लावता येणारी साधने आली, तरी ती अनेक घरांत नीट वापरलीच गेली नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा साधनांना दिलेले ऊर्जाबचतीचे मानचिन्ह २००९ च्या अखेरीस काढून घेतले. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागली. दोन्हींचा अर्थ एकच : साधन हाती असून भागत नाही, त्यामागचे तत्त्वही कळावे लागते.

तेव्हा उत्तर असे. हवा कोरडी असेल, विदर्भातल्या मे महिन्यासारखी, तर यंत्र बंद करून निःशंक निघावे. हवा दमट असेल आणि मुक्काम महिनोन्‌महिन्यांचा असेल, तर पहारा आर्द्रतेवर ठेवावा, तापमानावर नाही.

वर्गात हे दाखवायला एक पेला आणि एक तापमापी पुरे. पेल्यात गरम पाणी घेऊन दर दोन मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहावे. ७० ते ६५ अंश उतरायला किती वेळ लागला आणि ४५ ते ४० उतरायला किती, हे मुलांनी पाहावे. मग त्यांना विचारावे : हे पाणी तासभर ७० अंशांवरच ठेवायला जास्त उष्णता लागेल, की ते निवू देऊन शेवटी एकदाच तापवायला? वक्र समोर असताना उत्तर मुलेच देतील. शिक्षकाने फक्त पेल्याच्या जागी घर ठेवायचे आणि उष्णतेच्या प्रवाहाची दिशा उलटायची.