नितळ पाण्यातले विष : एका पिता-पुत्राची कथा

१/ डहाणू-तलासरीतल्या एखाद्या घरात नवी मत्स्यपेटी येते. काही दिवसांतच मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. पाणी मात्र आरशासारखे नितळ. मग मासा मरतो कशाने? हे कोडे सुटण्यास विज्ञानाला सुमारे चाळीस वर्षे लागली.

२/ इ. स. १८४९, लंडन. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचपात्रात दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि पाणी बदलावेच लागणार नाही, असा त्यांचा कयास होता.

३/ पुढे पाने कुजली, पाणी गढुळले. वॉरिंग्टन यांनी त्यात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि काचपेट्यांचे वेड घरोघरी पोहोचले.

४/ परंतु या हिशेबात एक गोष्ट राहिली होती. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी गढूळ करीत नाही, फक्त मारतो.

५/ १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ यांनी दाखविले की, सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट करणारे सजीव असतात. पाठोपाठ इंग्लंडच्या रॉथमस्टेड येथे एका संशोधकाने सिद्ध केले की, ही क्रिया दोन टप्प्यांत होते : अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. त्याचे नाव? रॉबर्ट वॉरिंग्टन. त्याच रसायनशास्त्रज्ञाचा पुत्र!

६/ पित्याच्या पात्रातील कोड्याचा गाभा पुत्राने शेतातल्या मातीत शोधला. मात्र ते जिवाणू वेगळे करणे त्याला साधले नाही. ते श्रेय १८९० मध्ये विनोग्राड्स्कीकडे गेले.

७/ आजच्या टेस्ट किटमधील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट या तीन चाचण्या म्हणजे हाच इतिहास. चौथी, पीएचची, मोजपट्टी सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनला दिली. पीएच वाढला की अमोनिया अधिक विषारी ठरतो.

८/ नव्या पेटीत हे जिवाणू नसतात, म्हणून मासे मरतात. ते प्रामुख्याने वाळूत व फिल्टरमध्ये वसतात. म्हणून सगळी पेटी घासून धुणे हा उपाय नव्हे, अपायच. दर आठवड्याला साधारण चतुर्थांश पाणी बदलावे. साठलेले नायट्रेट त्यानेच उतरते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असू शकते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आधी परीक्षा, मग बदल.

९/ १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. एका पारशी दात्याचे २ लाख रुपये त्यात होते. काचेपुढे उभ्या राहिलेल्या पिढ्यांनी मासे पाहिले. त्यांना जगविणारे जिवाणू कोणालाच दिसले नाहीत. थोरल्या वॉरिंग्टनलाही ते दिसले नव्हते.